केशोरीचा महिना, पुण्याचा पगार

सरकारी नोकराच्या पगारपत्रकात सगळा महाराष्ट्र तीन अक्षरांत मावतो. सातव्या वेतन आयोगाच्या घरभाडे भत्त्यात मुंबई-पुण्यासारखी शहरे ‘एक्स’ गटात, नागपूर-नाशिक ‘वाय’ गटात आणि उरलेला मुलूख ‘झेड’ गटात टाकला आहे. भत्त्याचे प्रमाण ३:२:१. किमान रकमाही त्याच मापाने ठरल्या : ५,४००, ३,६०० आणि १,८०० रुपये. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले केशोरी अर्थातच झेडमध्ये. पुण्यात डोक्यावरच्या छपराला तीन रुपये लागत असतील, तर केशोरीत एक लागतो, असा हा सरकारी हिशेब.

पण याच कर्मचाऱ्याच्या पगारात आणखी एक ओळ असते. नक्षलग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या पूर्व विदर्भातल्या भागात काम करणाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणी आणि वर प्रोत्साहन भत्ता मिळत आला आहे. म्हणजे एका ओळीत सरकार म्हणते की इथे राहणे स्वस्त आहे, म्हणून कमी घ्या. आणि दुसऱ्या ओळीत म्हणते की इथे राहणे अवघड आहे, म्हणून जास्त घ्या. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. लॅपटॉप पाठीवर टाकून स्वस्त गाव शोधत निघालेल्या माणसाने या दोन्ही ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत, आणि नेमके तेच सहसा होत नाही.

अशा माणसांना आता जगभर डिजिटल नोमॅड म्हणतात. हे नाव रूढ केले त्सुगिओ माकिमोटो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या १९९७ च्या पुस्तकाने. त्या काळी घरी इंटरनेट असणे हीच चैन होती. पुढे २००७ मध्ये टिम फेरिसच्या पुस्तकाने एक सोपे गणित लोकप्रिय केले : कमाई डॉलरमध्ये, खर्च बाटमध्ये किंवा रुपयात. २०१४ मध्ये पीटर लेव्हल्स या डच तरुणाने जगातल्या शहरांचा महिन्याचा खर्च आणि इंटरनेटचा वेग शेजारी शेजारी मांडणारी नोमॅड लिस्ट सुरू केली आणि थायलंडचे चियांग माय या मंडळींचे तीर्थक्षेत्र झाले. मग सरकारांनाही या पाहुण्यांचा मोह पडला. एस्टोनियाने २०२० मध्ये त्यांच्यासाठी खास व्हिसा काढला. थायलंडने जुलै २०२४ पासून पाच वर्षांचा व्हिसा देऊ केला. अट एवढीच की खात्यात पाच लाख बाट दाखवा. सिक्कीममधल्या याकतेन गावाला २०२५ मध्ये देशातले पहिले डिजिटल नोमॅड गाव म्हणून पुढे आणले गेले.

मराठी माणसाला हा प्रकार खऱ्या अर्थाने कळला तो २०२० च्या टाळेबंदीत. हिंजवडीतले अभियंते कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात घरी परतले आणि ओसरीवरून मीटिंगा करू लागले. सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने ऑनलाइन वर्गासाठी रेंज मिळेल त्या डोंगरावर झोपडी उभारली, ती बातमी तेव्हा राज्यभर गाजली. घर होते, जेवण होते, आईवडील होते. नव्हते ते फक्त नेटवर्क. स्वस्ताईच्या चर्चेत हा धडा पुढे विसरला गेला.

केशोरीचे नाव नोमॅडांच्या कुठल्या यादीत नसते. इटियाडोह धरणाच्या बाजूचे हे गाव, पलीकडे लगेच गडचिरोली जिल्ह्याची हद्द. भोवती धानाची शेती, बोड्या म्हणजे छोटी तळी, मामा म्हणजे माजी मालगुजारी तलाव आणि जंगल. केशोरीची मिरची या भागात नावाजलेली आहे. ती एकदा भाजीत पडली की पुण्याहून आलेल्याला पहिला आठवडा दह्याचा आधार घ्यावा लागेल. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, तरी तालुक्याचे गाव आणि जिल्ह्याचे गाव केशोरीपासून लांबच राहिले. नवेगावबांध, जिथे मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून काम केले आणि जंगल मराठी वाचकांच्या घरात नेले, ते याच तालुक्यात. पक्षी पाहण्याचा नाद असलेल्याला इथे पगारापेक्षा सुट्टी कमी पडेल.

आता हिशेब. समजा, पुण्यातल्या कंपनीचे काम करणारी एक तरुणी वर्षभर केशोरीत राहायला आली. एकटीच, आणि घरचे कोणी इथे नाही.

किरायाच्या खोल्या अशा गावात मुळात मोजक्याच असतात, आणि त्या बांधलेल्या असतात गुरुजी, पोलीस, बँकवाले, वनरक्षक, नर्सबाई यांच्यासाठी. जाहिरात कुठे नसते. चहाच्या टपरीवर किंवा किराणा दुकानात विचारावे लागते. दोन खोल्या, न्हाणीघर, अंगण याला अडीच हजार धरले तर सरकारच्या १,८०० पेक्षा थोडे वरच राहील. पुण्यात कंपनीजवळ एक बेडरूमचा फ्लॅट पंधरा-वीस हजारांच्या खाली मिळवणे कठीण, वर दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट. एवढ्या एका ओळीवर कोणीही बॅग भरायला घेईल.

जेवणाचे गणित तांदळापासून सुरू करावे, कारण हा धानाचा मुलूख. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. क्विंटलभर धान भरडले की सरकारी मापाने ६७ किलो तांदूळ निघतो. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात किलोभर तांदळामागे धानाचा भाव पस्तीस रुपये. भरडाई, वाहतूक, दुकानदार आणि चांगले वाण धरून पन्नास-साठ रुपये पडले, तरी एका माणसाला दहा किलोचे सहाशे. डाळ, तेल, दूध, बाजारातली वांगी, पोपटाच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर, आठवड्याला एकदा तलावाची मासळी, सगळे मिळून साडेचार हजारांत पोट नीट भरते. स्वयंपाक-धुणीभांड्याला बाई ठेवली तर दीड हजार. इथे जरा थांबायला हवे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. अंगमेहनतीचा दर असा असतो तेव्हाच कोणाचा तरी महिना स्वस्त होतो. त्या बाईंना शहराच्या दराने पैसे दिले तरी नोमॅडबाईंचे बजेट कोसळणार नाही. ते देण्याची दानत हवी.

गॅसचा सिलिंडर नऊशेच्या आसपास, एकट्या माणसाला अडीच महिने पुरतो, महिन्याला साडेतीनशे. इथपर्यंत सगळे मिळून झाले ८,८५०. खोली, अन्न, गॅस आणि मदतनीस. ज्यांना ‘स्वस्त गाव’ म्हणायचे असते त्यांचा हिशेब इथे संपतो. काम करणाऱ्या माणसाचा इथे सुरू होतो.

पहिली गोष्ट वीज. लॅपटॉप फारसा खात नाही. दिवसभर चालला तरी महिन्याला पंधरा युनिटांच्या आत. खातो तो कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, नवतपाच्या नऊ दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही, आणि दोनशे वॅटचा कूलर दहा तास चालला तरी एकट्याचे साठ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंतचा टप्पा स्वस्त आणि त्यापुढचा जवळजवळ दुप्पट, त्यामुळे बिल हजार-अकराशेवर जाते. हिवाळ्यात ते निम्म्यावर येते. पण बिलापेक्षा महत्त्वाचे आहे ते वीज असणे. पावसाळ्यात वादळाने जंगलातल्या तारांवर फांदी पडली की ती शोधायलाच वेळ लागतो. कंपनीला ‘लाइन गेली’ हे कारण एकदा चालते, तिसऱ्यांदा चालत नाही. इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी वीस-पंचवीस हजारांना. तीन वर्षांवर पसरले तर महिन्याला सातशे रुपये. घरभाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसे नुसत्या अंधाराच्या भीतीपोटी.

दुसरी गोष्ट नेट. जिओचा रोज दोन जीबीचा पॅक ३४९ रुपयांना २८ दिवस चालतो. अठ्ठावीस दिवसांचा महिना असल्यामुळे वर्षात तेरा वेळा रिचार्ज, म्हणजे खरा खर्च ३७८. झूमवरची चांगल्या प्रतीची गटबैठक तासाला एक-दोन जीबी सहज फस्त करते. दोन बैठका झाल्या की दिवसाचा कोटा खलास. फाइव्ह-जी जिथे लागते तिथे अमर्याद डेटा मिळतो, पण जंगलपट्ट्यात टॉवर विरळ असतात आणि वीज गेली की काही वेळाने टॉवरही झोपतो. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिम आणि वर जादा डेटा, महिन्याला नऊशे. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, तिचे २०१५ मध्ये भारतनेट असे बारसे झाले, आणि २०२३ मध्ये तिच्यासाठी आणखी १.३९ लाख कोटी रुपये मंजूर करावे लागले. या तारखांवरूनच कामाच्या गतीचा अंदाज यावा. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केले. त्यात आधी घ्यायचे जिल्हे म्हणून गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम यांची नावे आहेत. गोंदिया नाही. केशोरीच्या माणसाला हद्दीपलीकडचे आकाश आपल्याहून नशीबवान वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

तिसरी गोष्ट जाण्यायेण्याची. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे जवळपास पंधरा टक्क्यांनी वाढले; साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्यामागे साधारण दहा रुपये. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आपल्या नोमॅडबाईंना तालुक्याची फेरी चहाच्या दोन कपांत पडेल. अडचण भाड्याची नसून वेळापत्रकाची आहे : गाडी आपल्या सोयीने नाही, तिच्या सोयीने येते. म्हणून जुनी स्कूटर आणि दहा लिटर पेट्रोल, एक हजार पन्नास रुपये. महिन्यातून एकदा नागपूर गाठावेच लागते. लॅपटॉप बिघडला, दात दुखला, किंवा नुसते माणसांत मिसळावेसे वाटले म्हणून. अर्जुनी मोरगाव किंवा वडसा स्टेशनवरून गोंदिया-बल्लारशाह मार्ग धरायचा आणि पुढे गाडी बदलायची. एक मुक्काम, खाणे, खरेदी धरून तीन हजार. पुण्याच्या मुख्यालयाने ‘समोर या’ म्हटले तर गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहेच. कोल्हापूर ते गोंदिया ही गाडी राज्यातल्या राज्यात १,३०० किलोमीटरांहून जास्त धावते, आणि तिच्यात बसल्यावर महाराष्ट्र किती लांब आहे हे पाठीला कळते.

आरोग्य विमा आठशे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे पूर्वीसारखे प्रत्येक मोठ्या आजाराला नागपूर करावे लागत नाही. पण केशोरीहून गोंदिया म्हणजे शेजार नव्हे. पावसाळ्यात मच्छरदाणी ही चैन समजू नये. पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात हिवताप ही जुनी ओळख आहे.

ही दुसरी बेरीज ७,५५० होते आणि दोन्ही मिळून महिना १६,४००. पुण्यातल्या नुसत्या भाड्याएवढा. पण बेरजेच्या आतली वाटणी जास्त बोलकी आहे. सोळा हजार चारशेंपैकी निम्म्याहून थोडेच जास्त पैसे केशोरीत राहण्याचे आहेत. बाकीचे जवळजवळ निम्मे केशोरीत शहर आणून ठेवण्याचे. वीज न जाणारी, नेट न तुटणारे, डॉक्टर हाकेवरचा, मुख्यालय गाठता येणारे, हे सगळे पुण्यात घरभाड्यातच आलेले असते. तिथे घरमालक ते वेगळे मोजून घेत नाही, एवढेच.

केंद्राच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात ग्रामीण महाराष्ट्रातला माणशी मासिक खर्च ४,१४५ रुपये निघाला, शहरी महाराष्ट्रातला ७,३६३. नोमॅडबाई ज्या महिन्याला ‘किती स्वस्त’ म्हणतात, तो गावातल्या सरासरी माणसाच्या महिन्याच्या जवळपास चौपट आहे. त्या सरासरी माणसाकडे इन्व्हर्टर नाही, दोन सिम नाहीत, नागपूरची फेरी नाही, आणि घर बहुधा स्वतःचे. केशोरी स्वस्त आहे की नाही, हे म्हणून कोण विचारतो त्यावर ठरते.

आणि गंमत म्हणजे बाहेर कमवायचे व इथे राहायचे, हा धंदा या भागाला नवा नाही. जवळच गोठणगावच्या परिसरात नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. भोवतीची माणसे तिला तिबेटी कॅम्प म्हणतात. इथले कितीतरी लोक थंडी पडू लागली की स्वेटर-शालींची बोचकी घेऊन शहराशहरांतल्या बाजारात दुकाने मांडतात आणि हंगाम संपला की परत येतात. कमाई शहराच्या फुटपाथवरची, संसार धानाच्या शेजारचा. गोंदिया-गडचिरोलीतले मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. स्वतःच्या तालुक्यात नावाजलेली मिरची पिकत असताना परक्या शिवारात जातात, कारण हंगामाचा रोख पैसा तिकडे मिळतो. उलट दिशेने वडशाला येतात ते कलावंत. दिवाळीपासून होळीपर्यंत पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो, वडसा देसाईगंज ही तिची राजधानी, आणि मुंबई-पुण्याचे नट-नट्या तिथे किरायाच्या खोल्या घेऊन रोज वेगळ्या गावात रात्रभराचे नाटक करतात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. या तिन्ही मंडळींना भांडवल लागले ते बोचक्याचे, हातापायांचे आणि गळ्याचे. त्यांचे काम लाइन गेल्याने अडत नाही. लॅपटॉपवाल्याचे अडते, आणि त्याचा महिना महाग होतो तो तिथेच.

अमेरिकन कंपनीचे काम करणाऱ्याला मात्र झाडीपट्टी एका बाबतीत अनुकूल आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते. त्यांची सकाळ सुरू होते तेव्हा इथे मंडईतल्या, म्हणजे गावजत्रेतल्या, नाटकाची घंटा व्हायला आलेली असते. रात्रभर जागणाऱ्या माणसाकडे दुसरीकडे संशयाने पाहतात. इथे हंगामात अर्धा गाव जागा असतो.

ज्याला निसर्ग हवा पण धाकधूक नको, त्याने गोंदिया शहराचा विचार करावा. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरचे जंक्शन, नागपूर १३० किलोमीटरवर, डिसेंबर २०२२ पासून नागपूर-बिलासपूर वंदे भारतचा थांबा, शहरात फायबर. खोलीचे भाडे केशोरीच्या दुपटी-तिपटीने वाढेल, पण नागपूरची महिन्याची फेरी सकाळी जाऊन रात्री परत अशी होते, दुसरे सिम आणि मोठी बॅटरी लागेलच असे नाही, आणि एकूण बेरीज केशोरीच्या आसपासच थांबते. नागपुरात आणखी थोडी वर. पण मग सारस पाहायला गोंदियाचे तलाव जवळ आणि इटियाडोहचे पाणी लांब.

केशोरीतच राहायचे ठरले, तर एका गोष्टीचे भान ठेवावे. लिस्बनमध्ये, मेक्सिको सिटीत स्थानिक लोक परदेशी पाहुण्यांमुळे वाढलेल्या भाड्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. मेक्सिको सिटीतला जुलै २०२५ चा मोर्चा तर खिडक्या फुटेपर्यंत गेला. गोव्यात किनाऱ्यालगतच्या गावांत घरे गोंयकारांना परवडेनाशी झाल्याची तक्रार जुनी आहे. केशोरीत मोजक्याच खोल्या असतात तिथे अशी तक्रार व्हायला शंभर नोमॅड लागणार नाहीत. चार जणांनी अडीच हजारांच्या खोलीला हौसेने सहा हजार दिले, की नव्याने बदली होऊन आलेल्या नर्सबाईंना सरकारच्या भत्त्यात खोली मिळणार नाही, आणि त्या मग तालुक्याहून ये-जा करतील. रात्री ताप चढला तर उपयोगाची नोमॅडबाई नाही, नर्सबाई.

यायचेच तर दिवाळीनंतर यावे. धान निघालेले असते, कूलर लागत नाही, वादळे संपलेली असतात, नाटकांचे फलक लागतात. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलीस ठाण्यात द्यायची असते. या भागात ती खरोखर विचारली जाते, तेव्हा आधार आणि कंपनीचे पत्र सोबत ठेवावे. जंगलातल्या वाटेने संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही; २०२२ मध्ये गडचिरोलीकडून आलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने याच तालुक्यात घरे आणि धान तुडवले होते, आणि वाघ-बिबटे तर इथलेच रहिवासी. खोली घेण्याआधी ज्या भिंतीपाशी टेबल टाकणार, तिथे फोन धरून सकाळ, दुपार, रात्र असा वेग तपासावा. घरमालकाला हे जरा विचित्र वाटेल. पण भाड्याची घासाघीस त्यानंतरच सुरू करावी.